छोट्या मजकुराचे वक्तृत्वविश्लेषण : एका नमुन्याच्या आधारे

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यास एखादा उतारा देऊन त्याचे पाचसहाशे शब्दांत वक्तृत्वदृष्ट्या विश्लेषण करावयास सांगितले, म्हणजे येणारी उत्तरे बहुधा दोन प्रकारची असतात. एका प्रकारात उताऱ्याचा सारांश असतो; लेखक प्रथम अमुक म्हणतो, नंतर तमुक म्हणतो, आणि शेवटी आवाहन करतो, अशा क्रमाने मूळ मजकूरच पातळ करून पुन्हा सांगितलेला असतो. दुसऱ्या प्रकारात अलंकारांची मोजदाद असते. येथे रूपक आहे, तेथे अनुप्रास आहे, पुढे विरोध साधला आहे, आणि या सर्वांमुळे भाषा प्रभावी झाली आहे. दोन्ही प्रकारच्या उत्तरांत चूक म्हणून दाखविता येईल असे फारसे नसते. नसते ते विश्लेषण.

दुसऱ्या प्रकारच्या उत्तराला परिभाषेचीही थोडी फूस आहे. ‘रेटॉरिक’ या पाश्चात्त्य संज्ञेला मराठीत कोठे ‘वक्तृत्वशास्त्र’ तर कोठे ‘अलंकारशास्त्र’ असे प्रतिशब्द योजले गेले, आणि आपल्याकडे अलंकारांची परंपरा इतकी समृद्ध की विद्यार्थ्याचे मन सहजच तिकडे ओढले जाते. वस्तुतः ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात या विषयावर ग्रंथ रचला तेव्हा त्याच्यापुढील मुख्य प्रश्न शोभेचा नव्हता, मन वळविण्याचा होता. बोलणाऱ्याचे शील, ऐकणाऱ्याची मनःस्थिती आणि प्रतिपादनातील युक्ती ही मन वळविण्याची तीन साधने त्याने सांगितली. त्यांची नावे पाठ करून उत्तरात तीन परिच्छेद पाडणे हाही आता एक साचा झाला आहे. पण साच्याचा दोष ॲरिस्टॉटलच्या माथी मारण्याचे कारण नाही.

वक्तृत्वविश्लेषणात विचारावयाचा प्रश्न असा : हा मजकूर कोणासाठी काय घडवून आणू पाहतो, आणि त्यासाठी तो आपल्या वाचकाला कोणती गोष्ट न बोलता मान्य करावयास लावतो? प्रश्नाचा उत्तरार्ध महत्त्वाचा आहे. मजकूर जे उघड सांगतो त्यावर वाचक हुज्जत घालू शकतो. जे गृहीत धरून पुढे जातो त्यावर हुज्जत घालण्याचे बहुधा त्याला सुचत नाही. गृहीताचा हा व्यवहार शब्दांच्या निवडीत, क्रियापदांच्या रूपांत आणि वगळलेल्या गोष्टींत चालतो. विश्लेषकाचे काम तेथे आहे.

हे सूत्ररूपाने सांगून कळण्यासारखे नाही. नमुना समोर हवा. नमुन्यासाठी मान्यवर लेखकाचा उतारा निवडला की विश्लेषण लेखकाच्या कीर्तीकडे झुकते. म्हणून येथे अभ्यासापुरता रचलेला एक साधा मजकूर घेतला आहे. तो बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुड या गावी शाळेबाहेरील फळ्यावर लिहिलेला आहे, अशी कल्पना करावी. मजकूर कल्पित असला तरी त्यामागील प्रसंग कल्पित नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून आगाऊ रक्कम, म्हणजे ‘उचल’, आधीच घेतलेली असते. बरोबर गेलेल्या मुलांची शाळा त्या काळात सुटते, आणि ती सुटू नये म्हणून जिल्ह्यात हंगामी वसतिगृहे चालविण्याचे प्रयत्न झाले आहेत. फळ्यावरील मजकूर असा :

‘दिंद्रुड व आसपासच्या वस्त्यांतील सर्व पालकांस नम्र आवाहन. दसरा झाला की गाड्या भरू लागतील. उचल घेतलेली असते, मुकादमाचा निरोप येतो, घराला कुलूप लागते. हे कोणालाच चुकलेले नाही. पण कुलूप घराला लावावे, दप्तराला लावू नये. मुलाला फडावर नेले तर तो वाढे गोळा करील, पाणी आणील, धाकट्याला सांभाळील. कामाला एक हात वाढेल, यात शंका नाही. परंतु उन्हाळ्यात तो परत येईल तेव्हा त्याच्या बरोबरीची मुले पुढच्या पुस्तकावर गेलेली असतील. मागे राहणाऱ्या मुलांच्या जेवणाची व राहण्याची सोय शाळेने केली आहे. ज्या हाताने कोयता धरता, त्याच हाताने मुलाचे नाव नोंदवा. नावे दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत घेतली जातील. — मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समिती.’

यावर घाईने लिहिलेले उत्तर कसे असेल याची कल्पना सहज करता येते. ‘प्रस्तुत आवाहनाची भाषा साधी, सोपी व हृदयाला भिडणारी आहे. कुलूप व दप्तर यांच्या योजनेतून सुंदर रूपक साधले आहे. “हात” या शब्दाची पुनरुक्ती परिणामकारक आहे. पालकांच्या भावनेला आवाहन करून लेखकाने शिक्षणाचे महत्त्व पटवून दिले आहे.’ या उत्तराची परीक्षा करण्याची एक सोपी रीत आहे. ‘कुलूप’, ‘दप्तर’ आणि ‘हात’ हे शब्द काढून त्या जागी दुसऱ्या कोणत्याही जाहिरातीतील शब्द घालावेत. उत्तर तसेच उभे राहते. जे विधान कोणत्याही मजकुराला लागू पडते ते या मजकुराविषयी काहीही सांगत नाही.

मग सुरुवात कोठून करावी? आपल्या परंपरेत याचे एक फार उपयुक्त साधन पडून आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांना त्याचा विसर पडला आहे हे नवलच म्हणावे लागेल. ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्यासाठी मीमांसकांनी सहा खुणा सांगितल्या : उपक्रम व उपसंहार यांचा मेळ, अभ्यास म्हणजे पुनःपुन्हा केलेला उच्चार, अपूर्वता म्हणजे इतरत्र न मिळणारी नवी गोष्ट, फल, अर्थवाद म्हणजे स्तुतिनिंदेचा आनुषंगिक भाग, आणि उपपत्ती म्हणजे युक्तिवाद. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्याच्या आरंभीच गीतेचे तात्पर्य काढण्यासाठी या खुणांचा विचार केला आहे. त्या शास्त्रवाक्यांसाठी घडविल्या गेल्या हे खरे. पण फळ्यावरील मजकुरालाही त्या लावून पाहण्यास प्रत्यवाय नाही.

उपक्रम आणि उपसंहार शेजारी ठेवले की पहिली गोष्ट हाती लागते. आवाहनाचे संबोधन संपताच मजकूर ‘दसरा झाला की’ या शब्दांनी सुरू होतो आणि ‘दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत’ या मुदतीपाशी संपतो. म्हणजे आरंभी जो दिवस गाड्या भरण्याचा म्हणून येतो, शेवटी त्याच्याच अलीकडे एक रेघ ओढली जाते. मधले सर्व प्रतिपादन या एका दिवसाच्या अंतरात बसविलेले आहे. शिक्षण चांगले की वाईट हा या मजकुराचा विषयच नाही. त्याला एका ठराविक तारखेच्या आत एक नाव हवे आहे. ‘शिक्षणाचे महत्त्व पटवून दिले आहे’ हे घाईच्या उत्तरातील वाक्य येथेच गळून पडते, कारण शिक्षणाच्या महत्त्वाविषयी मजकुरात एक अक्षरही नाही. ते महत्त्व पालकांना ठाऊक आहे, असे तो धरून चालतो. उपदेश टाळल्यामुळे पालकांचा मान राखला जातो, ही त्यातील शहाणीव.

‘अभ्यास’ या खुणेने दुसरे, आणि अधिक मोलाचे, निरीक्षण मिळते. ‘कुलूप’ हा शब्द दोनदा येतो. पहिल्यांदा त्याचे क्रियापद ‘लागते’ असे आहे, दुसऱ्यांदा ‘लावावे’ आणि ‘लावू नये’. लागणे आणि लावणे यांतील भेद मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. पाऊस लागतो, ठेच लागते, भूक लागते. या गोष्टी घडतात, कोणी करीत नाही. लावणे मात्र कर्त्यावाचून होत नाही. ‘उचल घेतलेली असते’ यात घेणारा सांगितलेला नाही. ‘मुकादमाचा निरोप येतो’ यात येणारा निरोप आहे, पाठविणारा मुकादम षष्ठीच्या आडोशाला उभा आहे. ‘कुलूप लागते’ यात तर कुलूप जणू आपण होऊनच बसते. ओळीने तीन वाक्यांत कोणीही काही करीत नाही. ऋतू पालटावा तसे सर्व होत जाते. आणि पुढच्याच वाक्यात ‘लावावे’ म्हणताच एकाएकी कर्ता उत्पन्न होतो : तो पालक. आवाहनाची सारी ताकद ‘लागते’ आणि ‘लावावे’ यांच्यामधल्या ‘पण’ या अव्ययात आहे.

निरीक्षण खरे आहे की आपल्याच कल्पनेचा खेळ आहे, हे पडताळण्यासाठी शब्दाचा पालट करून पाहावा. ‘घराला कुलूप लागते’ याऐवजी ‘घराला तुम्ही कुलूप लावता’ असे लिहून वाक्य पुन्हा वाचावे. लगेच आरोपाचा सूर येतो, आणि पुढील ‘पण’ भांडणाचा होतो. उलट, ‘मुकादम तुम्हांला नेतात’ असे लिहिले तर दोष तिसऱ्याच्या अंगावर जातो आणि पालकाच्या हाती करण्यासारखे काही उरत नाही. मूळ मजकुराने दोन्ही वाटा टाळल्या आहेत. जाणे टळत नाही हे मान्य करून, त्याच न टळणाऱ्या गोष्टीच्या आत एक टळण्यासारखी गोष्ट त्याने दाखविली आहे. न्यायशास्त्रात प्रतिपक्षाचे म्हणणे तात्पुरते स्वीकारून पुढे जाण्यास अभ्युपगम म्हणतात. ‘कामाला एक हात वाढेल, यात शंका नाही’ या वाक्यात तोच प्रकार आहे, आणि तो नुसता डावपेच नाही. मूल कामाला उपयोगी पडते ही गोष्ट नाकारणारा मजकूर दिंद्रुडात कोणी दुसऱ्यांदा वाचणार नाही.

येथवर आलेल्या विद्यार्थ्याला एक मोह होतो : लेखकाच्या मनात काय होते ते सांगण्याचा. मुख्याध्यापकांनी मुद्दाम मुकादमाला पाठीशी घातले काय? त्यांना त्याची भीती वाटली काय? या प्रश्नांची उत्तरे मजकुरात नाहीत, आणि ती देण्याचा आव आणणारे विश्लेषण कल्पनाविलासात जाते. लेखकाचा हेतू, मजकुराची रचना आणि वाचकावरील परिणाम या तीन वेगळ्या गोष्टी होत. त्यांची गल्लत किती महागात पडू शकते, याचे मराठीतील सर्वांत ठळक उदाहरण वर्गात घडलेले नाही. ते न्यायालयात घडले आहे.

१८९७ साली केसरीतील मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी कायद्यातील ‘अप्रीती’ या कल्पनेचा अर्थ प्रीतीचा अभाव असा लावला. मजकुराने कोणते कृत्य सुचविले हे दाखविण्याची गरजच त्यामुळे उरली नाही; वाचकाच्या मनात सरकारविषयी प्रेम उरत नाही एवढ्यावर भागले. टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १९०८ साली ‘देशाचे दुर्दैव’ (१२ मे) आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ (९ जून) या अग्रलेखांवरून दुसरा खटला उभा राहिला. मुझफ्फरपूर येथील बाँबच्या घटनेनंतरचे हे लेख होते. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे नऊ जणांची ज्यूरी बसली, आणि टिळकांनी स्वतःची बाजू स्वतःच मांडली. त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक चालले. त्या बचावातील दोन मुद्दे विश्लेषकाने पुनःपुन्हा पाहण्यासारखे आहेत. एक, न्यायालयापुढे ठेवलेले इंग्रजी भाषांतर मूळ मराठीशी एकनिष्ठ नाही. दुसरा, हे लेख पोकळीत लिहिलेले नाहीत. अँग्लो-इंडियन पत्रांनी केलेल्या टीकेला ते उत्तर आहेत, आणि म्हणून ती टीका शेजारी ठेवून ते वाचले पाहिजेत. त्यासाठी इतर वृत्तपत्रांतील लिखाण त्यांनी न्यायालयापुढे मांडले.

पहिल्या मुद्द्याचे मर्म भाषेच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. मराठीत ‘खून’, ‘हत्या’ आणि ‘वध’ हे तीन शब्द एकाच घटनेला लावता येतात. पण ‘वध’ म्हणताना मारणाऱ्याकडे न्याय असल्याचे सूचन होते, ‘खून’ म्हणताना गुन्हा आधीच सिद्ध होतो. तिन्हींना एकच परभाषी शब्द योजला की वक्तृत्वाचा निम्मा व्यवहार पुसला जातो, किंवा भलताच उभा राहतो. दुसरा मुद्दा अधिक व्यापक आहे. १९६८ साली लॉइड बिट्झर या अमेरिकन अभ्यासकाने असे प्रतिपादन केले की वक्तृत्व एखाद्या निकडीला दिलेले उत्तर असते. ती निकड, तिच्यावर काही करू शकणारे श्रोते आणि बोलणाऱ्यावरील मर्यादा यांच्या संदर्भातच ते समजते. न्यायालयातील टिळकांच्या मांडणीशी या विचाराचे नाते सहज जुळते. ज्यूरीने मात्र सात विरुद्ध दोन अशा मतांनी त्यांना दोषी ठरविले; शिक्षा सहा वर्षांच्या हद्दपारीची झाली. मंडालेच्या त्या कारावासातच ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवावे या विचाराने सुरू होणारे गीतारहस्य लिहिले गेले, आणि १९१५ साली ते प्रसिद्ध झाले.

पुढच्याच वर्षी तिसरा प्रसंग आला. १९१६ साली बेळगाव व अहमदनगर येथे केलेल्या स्वराज्यविषयक भाषणांबद्दल टिळकांकडून जामीनकी मागण्यात आली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, बॅ. जिनांनी टिळकांची बाजू मांडली, आणि नोव्हेंबरमध्ये न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी तो हुकूम रद्द केला. सुटी वाक्ये वेगळी काढून त्यांना अवाजवी वजन देऊ नये, भाषणे समग्र वाचून त्यांचा एकंदर परिणाम पाहावा, अशी त्यांची दृष्टी होती. सुटी वाक्ये निवडण्याचा हाच मोह विद्यार्थ्याच्या वहीतही असतो, फक्त तेथे कोणाला शिक्षा होत नाही.

पुन्हा फळ्याकडे वळावे. हा मजकूर कोणत्या बोलण्याला उत्तर आहे? फळ्यावर ते बोलणे लिहिलेले नाही, पण ‘यात शंका नाही’ आणि ‘हे कोणालाच चुकलेले नाही’ या दोन वाक्यांत त्याचा प्रतिध्वनी आहे. कोणीतरी म्हणत आहे की पोराला मागे ठेवून भागत नाही. कामाला हात लागतो, आणि गेल्यावाचून गत्यंतर नाही. मजकूर त्या न लिहिलेल्या वाक्यांना उत्तर देतो. कोणास उद्देशून हाही प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. संबोधन ‘पालकांस’ असे आहे. पण शाळेच्या फळ्यासमोर रोज उभे राहते ते मूल, आणि ज्या घरी मोठ्यांना अक्षरओळख बेताची असते त्या घरी हा मजकूर पोहोचतो तो त्याच मुलाच्या तोंडून. म्हणजे ‘मुलाला फडावर नेले तर तो वाढे गोळा करील’ हे वाक्य संध्याकाळी तेच मूल आईबापांना वाचून किंवा आठवून सांगणार. तृतीयपुरुषी ‘तो’ तेव्हा ऐकणाऱ्यांच्या समोरच बसलेला असतो. वाक्ये आखूड आहेत, जोडीजोडीने येतात, आणि ‘घराला... दप्तराला’ अशी लक्षात राहतात, याचे कारण येथे सापडते. मजकूर कोठे व कशावर लिहिला आहे हा बाह्य तपशील समजू नये. याच जिल्ह्यात अंबाजोगाई येथे दासोपंतांनी पंचीकरणाचा विषय कागदाऐवजी लांबलचक पासोडीवर लिहिला. ती पासोडी पाहणाऱ्याला तो ग्रंथ पोथीतल्या ग्रंथासारखा वाटत नाही. खडूने लिहिलेला आणि पुसला जाणारा मजकूरही आपल्या परीने मुदतीचेच भान देतो.

हाताचा दृष्टांत मात्र जरा जपून तपासावा लागतो. मराठी गद्याच्या आरंभकाळीच महानुभावांच्या ‘दृष्टान्तपाठा’त सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक ही तीन अंगे वेगळी मांडलेली आढळतात : सिद्धान्त, त्यासाठीची गोष्ट, आणि गोष्ट सिद्धान्ताला कशी लागू पडते याचे स्पष्टीकरण. या तिसऱ्या अंगाचा विसर पडला की उपमा सुंदर वाटते आणि तिची जबाबदारी कोणी विचारीत नाही. ‘ज्या हाताने कोयता धरता, त्याच हाताने नाव नोंदवा’ याचे दार्ष्टान्तिक काय? कोयता आणि लेखणी ही दोन्ही पालकाच्या हातची गोष्ट आहे, असे ते सुचविते. परंतु कोयता धरणे हे वर ‘लागते’च्या राज्यातले काम म्हणून दाखविले होते, उचलीने बांधलेल्या हाताने ते होते. त्याच हाताला नोंदणीसाठी मोकळा मानणे ही मजकुराची सर्वांत धीट, आणि सर्वांत नाजूक, उडी आहे. एका कोयत्यावर नवराबायको दोघेही असतात. नाव नोंदविणारा हात कोणाचा, तेही मोकळे सोडले आहे.

याच ठिकाणी क्रियापदाची जातही बदलते. ‘लावावे’, ‘लावू नये’ ही रूपे विध्यर्थी, कोणाकडे बोट न दाखविणारी होती. ‘धरता’, ‘नोंदवा’ म्हणताना मजकूर प्रथमच समोरासमोर येतो. हे समोर येणे कोणाच्या सहीने होते हेही पाहावे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. म्हणजे खाली सही असलेल्यांतही कोयता धरणारे हात असू शकतात. एकट्या मुख्याध्यापकाच्या सहीने ‘नोंदवा’ हा शब्द हुकमासारखा ऐकू आला असता.

वगळलेल्या गोष्टींत एक गोष्ट व्याकरणाने झाकली आहे. ‘मुलाला’ हे रूप ‘मुलगा’ या शब्दाचे जसे, तसेच ‘मूल’ या शब्दाचेही होते. त्यामुळे ‘मुलाला फडावर नेले तर’ येथपर्यंत मुलगीही त्यात आहे. पुढे ‘ते’ असे सर्वनाम आले असते तर ती राहिली असती. ‘तो’ येताच ती बाहेर जाते. आणि जी कामे मोजली आहेत, पाणी आणणे व धाकट्याला सांभाळणे, ती घरोघर बहुधा तिच्याच वाट्याची. सर्वनाम बदलले तर मजकुराचा अर्थ केवढा बदलतो, हे ‘ती’ घालून वाचले की कळते.

लेखनाविषयी आता थोडेच सांगण्यासारखे उरते. एवढ्या निरीक्षणांतून पाचसहाशे शब्दांत दोन किंवा तीनच बसतात. बाकीची सोडावी लागतात, आणि सोडण्याचे दुःख मानू नये. पहिल्या वाक्यात मजकुराचा प्रसंग, वाचक आणि मुख्य विधान एकत्र यावे. मूळ शब्द उद्धृत करावेत ते दोनचारच, पण त्यांच्या रूपांवर थांबावे. मजकूर चांगला की वाईट हा निर्णय शेवटी द्यावा, आणि तो या वाचकांपुढे, या निकडीत तो काय साधतो व काय सोडतो, एवढ्याच भाषेत द्यावा. नमुन्याचे विश्लेषण आटोपशीर रूपात असे होईल :

‘ऊसतोडणीला निघणाऱ्या पालकांनी मुलांना गावीच ठेवावे म्हणून लिहिलेले हे आवाहन स्थलांतराला विरोध करीत नाही, त्याला अटळ मानून त्याच्या आत निर्णयाला जागा करून देते. हे काम मुख्यतः क्रियापदे करतात. “घेतलेली असते”, “येतो”, “लागते” या रूपांत जाण्याचा कर्ता कोणीच नाही. “लावावे” या रूपात तो पालक होतो. त्यामुळे पालकावर जाण्याचा दोष येत नाही, पण मुलाला नेण्याचा निर्णय मात्र त्याचा ठरतो. मुलाच्या कामाचा उपयोग निःशंकपणे कबूल केल्याने ऐकणाऱ्याचा मुख्य आक्षेप आधीच उच्चारला जातो, आणि “पुढच्या पुस्तकावर” गेलेल्या सोबत्यांच्या चित्राला ऐकणारा मोकळ्या मनाने सामोरा जातो. फळ्यावरील मजकूर घरी पुष्कळदा मुलाच्याच तोंडून पोहोचणार असल्याने हे चित्र अधिक बोचते. या मांडणीची किंमतही आहे. उचल आणि मुकादम यांना ऋतूसारखे दाखविल्यामुळे त्यांच्याविषयी प्रश्न विचारण्याची वाट बंद होते, आणि सर्व भार त्या व्यवहारातील सर्वांत दुबळ्या पक्षावर येतो. शाळेला मुकादमापर्यंत पोहोचता येत नाही, पालकांपर्यंत येते. त्या मर्यादेत ही निवड समजण्यासारखी आहे. “तो” या सर्वनामाची निवड तशी समजण्यासारखी नाही. पाणी आणणाऱ्या व धाकट्याला सांभाळणाऱ्या मुलीचे नाव नोंदविण्यास हे आवाहन कोणालाच सांगत नाही.’

या रूपात दसऱ्याच्या मुदतीचे निरीक्षण, सहीचा विचार आणि हाताचा दृष्टांत ही तिन्ही गाळली आहेत. पहिली दोन गाळल्याने नुकसान झाले नाही. तिसऱ्याविषयी मतभेद होऊ शकेल : बांधलेल्या हाताला मोकळा मानण्याची उडी हाच मजकुराचा कळसाचा भाग, असे म्हणणारा विद्यार्थी ‘लागते’–‘लावावे’चा विचार दोन वाक्यांत आटोपून त्या उडीवरच सारे विश्लेषण उभारू शकेल, आणि ते याहून वेगळे पण तितकेच सप्रमाण होईल.